साक्षीदार: कोणी हजर नव्हते

१ मार्च, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनातला राग कागदावर काढलात तर रक्तदाब उतरेल. मी म्हटलं, मला राग येतच नाही. लोक चुकीचं वागतात, ते मी फक्त दाखवून देते. त्यांनी गोळी तीच ठेवली आणि वही घ्यायला सांगितली.

संकल्प. रोज अर्धा तास चालणं. भाचीच्या कामात न विचारता न बोलणं. दाढीला दाढीवरून टोमणे न मारणं.

परिस्थिती अशी. भाची माझ्याकडे राहते आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून सॉफ्टवेअर लिहिते. सोबत तिचा भागीदार, दाढी. त्याला नाव आहे, पण आधी दाढीच दिसते. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारं एक केंद्र आहे. त्यांच्यासाठी दोघं वेळापत्रक तयार करताहेत: कुठली नर्स कुठल्या वारी कुणाच्या घरी. सध्या चाचणी चालू आहे. वीस तारखेला केंद्र काय ते ठरवणार. हेल्पची पानं इंग्रजीत हवी होती. यांचं इंग्रजी आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी वाचलं असतं तर दोघांना वर्गाबाहेर उभं केलं असतं. म्हणून ते काम मी घेतलं. मानद.

चालायला गेले नाही. वही आणायला गेले होते, तेच चालणं धरलं.

२ मार्च, रविवार

नाश्त्याला दोघांचं भांडण. कान देऊन ऐकलं नाही, कानावर पडलं.

माझा समज होता की सॉफ्टवेअर लिहिणारे सॉफ्टवेअर लिहितात. तसं नसतं. कॅलेंडर एकाने लिहिलेलं, तारखांची बेरीज दुसऱ्याची, बटणं तिसऱ्याची. जगभरच्या अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेले तुकडे उचलून आणायचे. त्यांना पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजला आणखी चार लागतात आणि त्या चारांना आणखी. एकूण किती, असं विचारलं. दाढी टोस्ट चावत म्हणाला, अकराशेच्या आसपास असतील, मावशी.

मी एकतीस वर्षं रुग्णालयाच्या औषध भांडाराची अधीक्षक होते. सहीशिवाय कापसाचा बोळा आत आला नाही. आणि इथे अकराशे अनोळखी माणसं माझ्या जेवणाच्या टेबलावर.

ही पॅकेजं आणून द्यायला वेगवेगळे पुरवठादार आहेत. पडद्यावर दिसणाऱ्या भागासाठी भाची एन्‌पीएमकडून आणते, दाढी यार्नकडून. मागचा भाग पायथन नावाच्या भाषेत आहे, त्याला तिसराच, पिप नावाचा. कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती घ्यायची याची प्रत्येकाची कुलूपबंद यादी असते, तिला लॉक फाइल म्हणतात. एन्‌पीएमची एक, यार्नची एक. भाची म्हणते माझी ठेव, तुझी काढ. दाढी म्हणतो, केंद्राचा सर्व्हर माझी वाचतो, तुझी शोभेची आहे. महिनाभर हेच चाललंय आणि दोन्ही याद्या जागच्या जागी.

एकाच मालाच्या दोन नोंदवह्या. आमच्याकडे यावर लोक निलंबित झालेत.

बोलले नाही. संकल्प.

३ मार्च, सोमवार. दुपारी

पॅकेज शिळं होतं का, असं दाढीला सहज विचारलं. त्याने एक आज्ञा टाइप करून दाखवली. पडद्यावर तक्ता आला. एका रकान्यात आपल्याकडची आवृत्ती, शेवटच्या रकान्यात सर्वांत नवी. सत्तावीस नावं लाल. आज्ञेतच शब्द होता: आउटडेटेड.

मी खुर्चीवरून उठलेच. दाढी म्हणाला, तसं नाही मावशी, नुसती जुनी आहेत. चालताहेत ना, मग हात लावायचा नाही. अगदी हेच वाक्य आमच्या एका कंपाउंडरने खोकल्याच्या औषधाबद्दल म्हटलं होतं. त्याची बदली करवून घेतली होती मी.

भाचीला सांगितलं. ती मान वर न करता म्हणाली, मावशी, तू फक्त इंग्रजी बघ. हिला अपूर्णांक मी शिकवले.

आणखी एक पाहिलं. फाइलमध्ये बदल केला की कारणाची एक ओळ लिहायची असते. पद्धत चांगली आहे. पण दाढीच्या ओळी पाहा: आता तरी चाल बाबा. हे का चालतंय माहीत नाही. कालच्यापेक्षा कमी वाईट. भाची म्हणाली, त्याच्या ओळी मी गंभीरपणे घेणं कधीच सोडलंय.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५

केलं.

भाची केंद्रावर गेली होती. दाढी तीनच्या सुमाराला गालाला हात लावून दाताच्या डॉक्टरकडे निघाला. जाताना म्हणाला, मावशी, लॅपटॉप बंद करू नका हं, काहीतरी उतरतंय. मी बंद केला नाही. त्याने सांगितलेलं तंतोतंत पाळलं.

माझ्या खात्यातून हेल्पच्या पानांखेरीज काही बदलता येत नाही. त्याच्या खात्यातून सगळं बदलता येतं. ही त्यांच्या व्यवस्थेतली त्रुटी आहे, माझी नव्हे.

दोन नोंदवह्यांपैकी एक रद्द केली. यार्नची. ती जास्त जाड होती आणि तिचा मालक माझ्या पेनांची टोपणं चावतो. मग सत्तावीस लाल नावांपुढे शेवटच्या रकान्यातले आकडे घातले. पुन्हा तक्ता काढला. एकही लाल ओळ नाही. निवृत्तीनंतर इतकं समाधान पहिल्यांदा मिळालं.

कारणाची ओळ लिहिली, जशी एकतीस वर्षं लिहिली, शुद्ध इंग्रजीत: मुदतबाह्य माल नष्ट केला. दुबार नोंदवही रद्द केली. साक्षीदार: कोणी हजर नव्हते. वेळ तीन चाळीस.

भांडारात माल नष्ट करताना दोन सह्या लागायच्या. तो नियम मीच आणला होता. पण हे घर आहे.

साडेचारला दाढी अर्धा चेहरा बधिर होऊन आला. काहीतरी बोलला, कळलं नाही. त्याला सूप दिलं. चांगला मुलगा आहे तसा.

संकल्प: योग्य वेळ पाहून दोघांना सांगणं. कौतुकासाठी नव्हे.

५ मार्च, बुधवार

रोज संध्याकाळी सहाला नवी प्रत आपोआप केंद्राकडे जाते. काल गेली. आज दिवसभर एकही तक्रार नाही. अनुभव म्हणतात तो हा.

सांगायचं वीस तारखेला ठरवलं. केंद्राने होकार दिला की मग. तोवर उगाच त्यांचं लक्ष कशाला विचलित करा?

चालले नाही. गुडघा.

६ मार्च, गुरुवार. दुपारी १२

सकाळी केंद्रातल्या मुख्य नर्सबाईंचा फोन आला. त्यांना आम्ही मेट्रन म्हणतो. भाचीने फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

कॅलेंडरच्या नव्या आवृत्तीत दिवस मोजायची पद्धत बदलली आहे म्हणे. सगळ्या भेटी एक दिवस पुढे सरकल्या. काल बुधवारी पडद्यावर मंगळवारची यादी. एका आजींना लागोपाठ दोन दिवस आंघोळ घातली गेली. त्यांची काही तक्रार नव्हती, म्हणून काल शांतता होती. पण ज्यांचा बुधवार होता ते एक आजोबा सकाळी नऊपासून मांडीवर टॉवेल घेऊन खुर्चीत बसले होते. एक वाजेपर्यंत. फोन केला नाही, कारण त्यांना वाटलं वार आपणच चुकलो.

भाचीने जुनी प्रत परत बसवली. दहा मिनिटांत. म्हणजे बघायला गेलं तर नुकसान झालंच नाही.

टॉवेल. असो.

त्याच दिवशी, ३.३०

मग कुणी केलं ते तिने काढलं. नाव दाढीचं. मंगळवार, तीन चाळीस. कारणाची ओळ तिने मोठ्याने वाचली आणि तिचा आवाज चढला. एक तर न सांगता सगळं उचकटलंस, आणि वर माझ्या मावशीची टिंगल करतोस? तिच्या भाषेत लिहितोस? ती फुकट राबते आपल्यासाठी.

मी गॅसजवळ उभी होते. दूध उतू गेलं.

दाढीने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाला, चुकलो.

मला कुणी काही विचारलं नाही. सिस्टरांची शिकवण होती, विचारलं तर खरं सांगायचं. न विचारता सांगत सुटणं याला आगाऊपणा म्हणतात.

७ मार्च, शुक्रवार

भाचीने विचारलं. मावशी, मंगळवारी दुपारी तू घरीच होतीस ना? हा कधी बसला होता हे करायला? मी म्हटलं, मी आपली पानं तपासत होते. हे खोटं नाही. त्या दुपारी दोन ते अडीच मी पानंच तपासत होते.

दाढीला अंडं घातलेलं सँडविच करून दिलं. माझी पाठीची उशी त्याच्या खुर्चीवर ठेवली. करड्या लोकरीचा स्वेटर घातला सुयांवर. अपराधी वगैरे वाटत नाही. लोकर पडून होती.

रक्तदाब १६० बाय ९५. यंत्र जुनं झालंय.

८ मार्च, शनिवार

टेबल आवरताना फळांच्या बाउलखाली दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली. मंगळवार, ४ मार्च. वेळ सव्वातीन. रूट कॅनाल, पहिली बैठक.

म्हणजे तीन चाळीसला तो तोंड उघडं टाकून पडला होता याचा पुरावा त्याच्याकडे आहे. आणि तो त्याने संत्र्यांखाली ठेवून दिला. विसरभोळा असेल. पेनांची टोपणं चावणारी माणसं विसरभोळी असतात.

चिठ्ठी या वहीत ठेवली. हरवू नये म्हणून.

९ मार्च, रविवार

सकाळी ८. आज सांगायचंच.
९.३०. भाची केस धुते आहे. ओल्या केसांच्या माणसाला काही सांगू नये.
११. फोनवर आहे.
१.१५. जेवताना नको. अन्न अंगी लागत नाही.
४. झोपली. किती दमलेली दिसते.
६. चिठ्ठी फडताळात ठेवली. पुन्हा वहीत ठेवली.

नऊ वर्षांची असताना वर्गातला पृथ्वीचा गोल माझ्या हातून पडला. शेजारच्या बाकावरची मुलगी दोन तास व्हरांड्यात उभी होती. मला तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

हे इथे का लिहिलं कळत नाही. लोकर कमी पडेल असं दिसतंय.

१० मार्च, सोमवार

भाचीने दाढीला सांगितलं, यापुढे मी एकटीच बघते. मेट्रन तिला म्हणाल्या होत्या की तो पुन्हा हात लावणार नसेल तरच चाचणी चालू ठेवू. दाढी म्हणाला, ठीक आहे. दुसऱ्या गावातल्या एका कंपनीने त्याला बोलावलंय, गुरुवारपर्यंत कळवायचंय. मग हो म्हणून टाकतो, म्हणाला.

वाद नाही, आदळआपट नाही. कीबोर्ड बगलेत, कप हातात. मी दारापर्यंत गेले. सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, खांद्याचं माप घेऊ दे. दरवाज्यात उभं करून माप घेतलं. तो म्हणाला, गळा जरा मोठा ठेवा मावशी, दाढी आत अडकते.

चार्जर विसरून गेला. म्हणजे परत येईल. तेव्हा सांगेन.

११ मार्च, मंगळवार

आला नाही. चार्जर घ्यायला त्याने बहिणीला पाठवलं.

पायथनचा भाग भाचीला नीट येत नाही. पिप एक मागतो, दुसरं मोडतं. न्हाणीघरात नळ बराच वेळ सुरू होता. बाहेर आली तेव्हा हात कोरडे होते.

मी हेल्पचं सातवं पान पूर्ण केलं. उत्तम झालंय. तिने पाहिलं नाही.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ११

चालायला गेले. संकल्पाप्रमाणे. वेळापत्रक टेबलावर पडलेलं असतं, त्यामुळे पत्ता डोक्यात राहिला होता. त्या रस्त्याला सावली चांगली आहे.

तळमजल्याचं घर, रस्त्याला लागून व्हरांडा. आजोबा खुर्चीत. मांडीवर टॉवेल, चौपदरी घडी. साडेआठच वाजले होते. मला पाहून म्हणाले, बाई, आज बुधवारच ना? मी म्हटलं, बुधवारच. ते म्हणाले, मागल्या खेपेला चुकलो मी. तेव्हापासून सकाळी दोनदा बघतो कॅलेंडर. सुनेलाही विचारून घेतो. आता तिलाही वाटायला लागलंय माझं डोकं चाललं म्हणून.

मी म्हटलं, तुम्ही चुकला नव्हता.

ते म्हणाले, मग कोण चुकलं?

सरळ विचारलं. डोळ्यांत बघून. अशा प्रश्नाला दोन उत्तरं नसतात, तेवढं कॉन्व्हेंटात शिकवलेलं आहे. सांगितलं. गेटबाहेर उभी राहून, रद्द केलेल्या नोंदवहीपासून टॉवेलापर्यंत सगळं. पॅकेजचं त्यांना किती कळलं देव जाणे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं झालं आलात. हे सुनेला सांगाल का? आत हाक मारली.

सुनेलाही सांगितलं. तिने पाणी दिलं.

नऊ वाजून दोन मिनिटांनी नर्स आली. मी तोवर कोपऱ्यावर उभी होते. चालून दम लागला होता.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी १०

सकाळी सव्वासातला सांगितलं. भाचीचा चहा व्हायच्या आत.

तिने विश्वासच ठेवला नाही. म्हणाली, त्याला वाचवायला तू अंगावर घेऊ नकोस, स्वेटर विणतेस ते दिसतंय मला. माझ्यावर स्वतःचा गुन्हा सिद्ध करायची वेळ आली. सत्तावीस नावांतली एकोणीस तोंडपाठ म्हणून दाखवली, जुन्या आणि नव्या आकड्यांसकट. मग वहीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

तिने चिठ्ठी वाचली. तारीख वाचली. मग मागच्या गुरुवारपासून ही तुझ्याकडे आहे का, विचारलं. मी म्हटलं, शनिवारपासून. अचूक सांगितलेलं बरं.

तिने दाढीला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. मी ऐकावं म्हणूनच ठेवला असणार. दाढीला अजून कंपनीला कळवायचं होतं. तो म्हणाला, मला त्याच दिवशी कळलं होतं. साक्षीदार कोणी हजर नव्हते, असं कुठला प्रोग्रॅमर लिहितो? भाची म्हणाली, मग गप्प का बसलास गाढवा? तो म्हणाला, भागीदार दुसरा मिळेल तुला. मावशी कुठून आणणार आहेस?

भाची रडायला लागली. मी चहा गाळायला गेले. चहा अजून ठेवलाच नव्हता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मेट्रनना मीच फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, आपलं वय काय? सांगितलं. मग म्हणाल्या, आमच्या भांडारात नष्ट करताना दोन सह्या लागतात. मी म्हटलं, माहीत आहे.

भाची दिवसभर बोलली नाही. आत्ता म्हणाली, साखर संपलीय. ही सुरुवात चांगली आहे.

१५ मार्च, शनिवार

दाढी कंपनीला नकार कळवून कालपासून परत टेबलावर. उशी त्याच्याकडेच राहू दिली. टोपण चावताना पाहिलं, काही बोलले नाही. आता टोपणांची उधळपट्टी मला परवडते.

नवे नियम. यादी एकच, यार्नची. भाचीने स्वतःची काढली. एकच हवी हे मी आधीच ओळखलं होतं, हे कुणाच्या लक्षात नाही. पिपच्या यादीतले आकडे आहेत तसे गोठवले. आणि कुठलाही बदल, कुणीही केलेला, दुसऱ्याने पाहून मंजूर केल्याशिवाय पुढे जाणार नाही. म्हणजे दोन सह्या. माझाच नियम. श्रेय मागितलं नाही.

आउटडेटेडची आज्ञा भाचीने माझ्यासमोर टाइप केली. सत्तावीस नावं परत लाल. म्हणाली, बघून घे, सवय कर.

१८ मार्च, मंगळवार

स्वेटर झाला. गळ्यातून दोन दाढ्या सहज जातील. त्याने घालून दाखवला आणि म्हणाला, हवेशीर आहे.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ४

केंद्राने होकार दिला, पण चाचणी तीन महिने वाढवून. मेट्रननी अट घातली की बदलांची यादी दर आठवड्याला त्यांना कळवायची. कारणांच्या ओळी वाचता येतील अशा लिहायच्या. दाढीला आता हे कठीण जाणार.

मीही आज रीतसर अर्ज केला. लाल यादीतलं सतरावं पॅकेज, बटणांचं. दोन वर्षं जुनी आवृत्ती आहे. हात लावला नाही. नुसतं लिहिलं: बदलावं असं सुचवते, कारणं सोबत. कारणं दीड पान होती. स्वतःच्या खात्यातून. दोन वाजता पाठवलं.

दोघंही माझ्यापासून चार फुटांवर बसले आहेत. मंजुरीसाठी प्रलंबित, असं पडद्यावर दिसतंय. दोनदा खाकरून पाहिलं.

४.२०

उत्तर आलं. नामंजूर. खाली दाढीची ओळ: जुनं आहे, पण मुदत संपलेली नाही. रोज कामाला येतं. ठेवावं. साक्षीदार: दोघंही हजर.

पॅकेजबद्दलच लिहिलंय, असं मी धरून चालते. विचारलं नाही.